दोन शपथांचा भंडारा

मतदान गुप्त असते आणि त्या गुप्ततेवरच लोकशाही उभी आहे. हळदीचा नवा पुडा फोडला की मला वरवंडजवळची एक वस्ती आठवते. नव्वदच्या दशकात तिथे पंचायत समितीच्या निवडणुकीत मी मतदारांच्या बोटांना शाई लावायला बसलो होतो. पूर्वी मेंढरांमागे फिरणारी आणि आता शेतीत स्थिरावलेली ती माणसे रांगेत उभी होती, आणि प्रत्येकाचा तळहात पिवळा होता. आदल्या दिवशी एका उमेदवाराने त्यांना देवळात नेऊन, हातात खंडोबाचा भंडारा देऊन आपल्यालाच मत देण्याची शपथ घ्यायला लावली होती. दुसऱ्याला ते कळले, तेव्हा त्यानेही सकाळी तेच केले. आता दोघांचे प्रतिनिधी खोलीत शेजारी बसून ते पिवळे हात संशयाने न्याहाळत होते. शाईसाठी एका म्हाताऱ्याने बोट पुढे केले, तसे एकाने विचारलेच, "आबा, हा भंडारा कुणाचा?" "खंडोबाचा." "तसं न्हाई, मत कुणाला?" "तुमी बी उचलाया लावला, त्यांनी बी लावला. एकाचा जरी खोटा केला, तर देव माजी नातवंडं सोडंल व्हय?" एवढे बोलून आबा पडद्याआड गेले, आणि आतून शिक्क्याचा आवाज दोनदा आला. दौंडला मोजणीत त्या वस्तीच्या मतपत्रिका उघडल्या, तर एकूणएक पत्रिकेवर दोन्ही चिन्हांसमोर ठळक शिक्के होते. वस्तीवर विक्रमी मतदान झाल्याबद्दल मला मिळालेले प्रशस्तिपत्र अजून कपाटात आहे. सगळी मते बाद झाली, हे त्यात लिहिलेले नाही.