रस्त्याकडे पाठ केलेलं बाक

आक्का किन्हवलीला लेकीच्या घरी अंथरुणावर होत्या, तेव्हाची आमची शेवटची भेट. मला वाटलं, दुखण्याचं बोलतील. पण माझा हात धरून त्यांनी विचारलं, "बागेत जातेस ना गो? बाकावर बसतेस?" मी म्हटलं, "तुमच्याशिवाय कशी बसू?" तशा चिडल्या. "बाक काय माझ्या एकटीचं हाय? मी नाय म्हनून परत जमिनीवर बसू नको." थोड्याच दिवसांत त्या गेल्याचा निरोप आला. महिना उलटला, तरी ते बोलणं कानात आहे...

आक्का माझी थोरली नणंद. नवरा वारल्यावर त्या शहापूरला माहेरी आल्या आणि बायकांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून गेल्या. मी वैशाखरे गावची, चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. त्या वर्षी गावातल्या बागांचा आणि मोकळ्या जागांचा जुना आराखडा नव्याने करायचं ठरलं होतं, आणि लोकांना काय हवं ते विचारूनच. समाजमंदिरात सभा झाली. पुरुषांनी कारंजं मागितलं, कमान मागितली, रंगीत दिवे मागितले. आम्ही बायका मागे डोक्यावर पदर घेऊन बसलो होतो. कुणाचे सासरे पुढे, कुणाचे थोरले दीर. बोलणार कोण? आराखडा करणाऱ्या साहेबांनी दोनदा विचारलं, "महिलांचं काही म्हणणं?" आम्ही सगळ्या जमिनीकडे बघत राहिलो.

मग संक्रांतीला आक्कांनी हळदीकुंकू ठेवलं, अख्ख्या आळीला बोलावलं, आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं, "नवऱ्याचं नाव मागाहून घ्या. आधी बागेत काय पायजे ते बोला, तवाच वाण मिळंल." काय हसल्या बायका! एक म्हणाली, पिण्याच्या पाण्याचा नळ. एक म्हणाली, डोक्यावरची मोळी टेकवायला उंच ओटा. माझी पाळी आली तशी मी वाणाची सुगडं पुसायला लागले. आक्का म्हणाल्या, "मंदा, सुगडं सोड. बोल." मी कशीबशी म्हणाले, "बाकं फिरवा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग मला सांगावंच लागलं. जुन्या बागेतली सगळी बाकं रस्त्याकडे तोंड करून होती. आमच्यात थोरल्या माणसासमोर सून उंचावर बसत नाही. रस्त्याने सारखं कुणीतरी घरचं जाणार, दिसलं की उठा, पदर सावरा. म्हणून आम्ही बाकांच्या मागे गवतात बसायचो आणि बाकं रिकामीच. पाठ रस्त्याकडे असली तर येणारा दिसणार नाही, उठायला नको. आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा सुगडं पुसायला घेतली.

पुढच्या सभेत त्या उभ्या राहून बोलल्या. पुढून कुणीतरी टोमणा मारला, "रस्त्याकडं पाठ? बाया रुसल्यात काय गावावर?" आक्का म्हणाल्या, "रुसल्या नायत रे, दमल्यात. घटकाभर बसू दे त्यांना." आणि साहेबांकडे वळून, "ही सूचना माझी नाय. आमच्या मंदाची हाय. तिचंच नाव घाला." पुढे माझे थोरले दीर बसले होते, आक्कांचे सख्खे भाऊ. मी पदर आणखी पुढे ओढला. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

आराखडा मंजूर झाला. कारंजं राहूनच गेलं, नळ आला, ओटा आला, आणि बकुळीखाली बाकं आली, रस्त्याकडे पाठ करून. पहिल्या दिवशी आक्का जाऊन टोकाला बसल्या आणि शेजारची जागा तळहाताने थोपटली. "बस गो." पुढे कितीतरी वर्षं दुपारची कामं आटपली की तेच. आधी थोपटणं, मग बसणं. नव्या सुनांनाही त्यांनी तसंच बसवलं. आज त्या मुली पाय हलवत, हसत बसतात. बाकं अशी का, ते त्यांना ठाऊकही नाही. आक्कांना याचंच कौतुक वाटायचं. मलाही वाटतं.

काल मी एकटी गेले. जमिनीवर बसणार होते, मग त्यांचं बोलणं आठवलं. टोकाची जागा मोकळी ठेवून बाकावर बसले. पाठीमागे रस्त्यावर काठीचा आवाज आला. तो मी ओळखते. नेहमी पुढे निघून जातो, काल बागेत वळला. थोरले दीर बाकामागे येऊन उभे राहिले. मी पदर सावरत उठायला गेले, तर माझ्याकडे न बघता त्यांनी आक्कांच्या जागेवर हात ठेवला. इतक्या वर्षांत माझ्याशी सरळ बोललेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य असेल.

"बस. उठलीस त तिला आवडायचं नाय."

मी बसून राहिले.