लेथवरचं गाव

कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये पंपाचा शाफ्ट करून घ्यायला गेलो होतो, तेव्हा तो टर्नर भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. लेथ सुरू करण्याआधी त्यानं मशीनवरची उठावाची अक्षरं चिंधीनं पुसली. अमेरिकेतल्या एका लहानशा शहराचं नाव होतं ते. खंडेनवमीचं कुंकूही त्या नावालाच लावतो, म्हणाला.

"माझा खापरपणजा मेंढरं राखत हुता, तवा तितं नदीकाठी भट्ट्या पेटल्या. खेड्यातली माणसं कामाला आली अन् गावाचं शहर झालं. लेकीनं वाचून दावलंय." आजोळाबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. "आता तितले कारखाने बंद हायत. असलंच मशीन काचंमागं ठेवलंय, हात लावायचा न्हाई म्हणं."

मग त्यानं झाकण उघडून आतला एक गिअर दाखवला. जुना झिजला तेव्हा हा त्यानं स्वतः घडवला होता. त्यावर पंचनं एकेक अक्षर ठोकलं होतं: कुपवाड.

"पण आत कुणाला दिसणार हे?" मी विचारलं.

"न्हाई दिसलं तरी चालतंय. त्येंच्या गावचं मशीन आमच्या गावच्या दात्यांवर फिरतंय, ह्ये मशीनला ठावं हाय."