गळ्याखाली न उतरलेली बिअर

मिरजेच्या फलाटावर गाडी लागली तशी आईनं पदराची गाठ सोडली. आत पालीच्या खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं एक वाळकं पान. "उचल बेलभंडार. दारूचा थेंबबी गळ्याखाली उतरू देनार न्हाई, म्हन." वडील फौजेतून रमची सवय घेऊन आले होते आणि त्या रमनंच गेले. मी तळहातावर भंडारा घेतला आणि शपथ वाहिली. लोक बघत होते, मला लाज वाटत होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मी विलायतेला निघालो होतो. कसल्या कारखान्यात, ते आईला नीट सांगितलं नव्हतं. "आंबवण्याच्या," एवढंच. "म्हंजी ताकाच्या?" तिनं विचारलं. मी व्हय म्हणालो.

तो बिअरचा कारखाना होता. बाटल्या तपासायच्याच, शिवाय रोज सकाळी दहाला चाखायलाही बसायचं. पुढ्यात आमच्याच कारखान्याच्या सहा बिअरचे सहा पेले. रंग, फेस, वास, चव, प्रत्येकाला दहापैकी गुण. शी, काय त्या चवी! पहिली बैलाच्या मुतासारखी पिवळी आणि कोमट. दुसरी म्हणजे करपलेल्या भाकरीचं पाणी. तिसरीत कडुलिंबाचा पाला उकळून वर साबण घातलाय असं वाटायचं. आणि ही माणसं डोळे मिटून 'लव्हली' म्हणायची.

मी घोट तोंडात घ्यायचो आणि बेसिनमध्ये थुंकायचो. मुख्य चाखणारा टॉम, साठीचा माणूस, त्यावर भडकला. बिअरचा कडवटपणा घशात कळतो, न गिळता गुण देणारा काय कामाचा, असं त्याचं म्हणणं. महिन्याभरात गिळायला शीक, नाहीतर गाशा गुंडाळ, म्हणाला. दोनदा मी गिळायचंच ठरवून पेला उचलला. दोन्ही वेळा फलाटावरचा तो पिवळा तळहात आठवला.

मग मी घोळवायला शिकलो. गालात, जिभेखाली, टाळूला, मनात वीस आकडे होईपर्यंत. महिना संपत आला तेव्हा सगळ्यांनी पास केलेल्या एका पेल्याला मी शून्य दिलं. भिजलेल्या गोणपाटाचा वास येतोय, म्हणालो. सगळे हसले. आठवड्यात त्या पेल्याची अख्खी खेप त्याच वासापायी दुकानांतून परत आली. दुसऱ्या दिवशी टॉमनं माझ्या खुर्चीशेजारी पत्र्याची एक बादली आणून ठेवली. नोकरी टिकली. ज्याला किळस येते त्यालाच खोट आधी सापडते, हे त्याला पटलं होतं. पुढं दोन वर्षं मी त्या बादलीत थुंकत राहिलो, एक घोट उतरू दिला नाही, आणि याचा मला लय माज होता.

तो माज घेऊनच तासगावकडच्या आमच्या गावी सुट्टीवर आलो. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. "शपत पाळलीस न्हवं?" "पाळली," म्हणून मी घोट घेतला. विहिरीचं पाणी. जरा मचूळ, किंचित गंज, मागनं शेवाळाची चव. मनात वीस आकडे झाले आणि मी ते पाणी अंगणात थुंकलो.

दुष्काळात हेच पाणी तिनं दोन मैलांवरनं डोक्यावर आणून आम्हाला पाजलं होतं. ती मातीवरच्या त्या डागाकडं बघत राहिली. मग मी सगळं सांगून टाकलं, ताकाचं खोटं, ते पेले, ती बादली. माझीच मला किळस आली. आई एवढंच म्हणाली, "त्यापरीस गिळली असतीस तर बरं झालं असतं रं."

तुम्ही गावाकडचे पत्रात विचारता, घर आठवतं का. आठवतं की. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलात, तुम्हाला निराळं सांगायला नको. आता कुठलंही पाणी मी आधी तोंडात घोळवतो, इथलं काय नि तिथलं काय. गावी गेलो की मात्र पहिला तांब्या आईसमोर उभ्यानं गटागटा पितो. पाणी खाली उतरतंय का, ते ती माझ्या गळ्याकडं बघत राहते.