काकांचा डावा डोळा आणि माझा गाल

रक्त माझं होतं, चूकही माझीच होती. पण दुकानातले सगळे बघत होते काकांच्या डाव्या डोळ्याकडे.

काका आमच्या गल्लीतले न्हावी; माझी दाढी करतात आणि मला ‘बडबड्या’ म्हणतात. त्या दिवशी वस्तरा गालावर असतानाच मला शेजाऱ्याची नक्कल करून दाखवायची हुक्की आली. मान हलली. गालावर लालभडक रेघ! मी ओरडून सांगितलं, “अहो, मीच हललो!” ऐकतो कोण?

त्या डाव्या डोळ्यात, पार मागच्या बाजूला, काकांना गाठ निघाली होती. डॉक्टरांनी किरणं सोडणारी इवलीशी चकती डोळ्यालाच टाके घालून बसवली आणि काही दिवसांनी काढली. गाठ मेली. पुढे दोनेक वर्षांनी त्याच किरणांचा प्रताप दिसू लागला. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागल्या, समोरचं धुरकटलं, पापणीचे केस झडले, डोळा कोरडा ठक्क पडला. आता वरचेवर डोळ्यात इंजेक्शन. “पाहुणा गेला रे,” काका म्हणतात, “पण जाताना घराची पार दैना करून गेला.”

एकाच डोळ्यावर भिस्त असली की अंतराचा अंदाज चुकतो. घरी चहा कपाऐवजी बशीत पडतो. म्हणून दुकानात काका आधी करंगळी गालावर टेकवतात, मग पातं. लोकांना वाटायचं, म्हातारा चाचपडतोय. माझं रक्त पाहिल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. सगळी गर्दी शेजारच्या, काकांच्या मुलाच्या खुर्चीपाशी. काकांची खुर्ची ओस.

चार दिवसांनी मुलगा म्हणाला, “बाबा, पुरे आता. तुम्ही गल्ल्यावर बसा, तुमच्या खुर्चीवर मी दुसरा माणूस ठेवतो.”

“गल्ल्यावर फोटो बसतो. मी अजून जिता आहे!”

आणि त्यांनी रस्त्यावरून चाललेल्या मला हाक मारली. “ए बडबड्या! आत ये. बस.”

“काका, कालच घरी केली हो दाढी.”

“ती दाढी? अर्धं रान तसंच उभंय. बस म्हणतो ना!”

बसलो. खुर्ची त्यांनी गर्रकन फिरवून थांबलेल्या गिऱ्हाइकांसमोर केली. वर्तमानपत्रं खाली आली. “जखमेच्या बाजूनेच सुरू करू,” काका म्हणाले.

करंगळी टेकली. पातं टेकलं. जखमेच्या कडेकडेने, नाकाखालून, गळ्याच्या घाटीवरून. मी श्वास कुठे ठेवला होता, मलाच माहीत नाही.

“काका, तो पांढराफटक पडलाय,” कुणीतरी म्हणालं.

“फेस आहे तो.”

टॉवेलने तोंड पुसलं. ओरखडा म्हणून नाही! रांगेतले एक जाडजूड गृहस्थ उठले, मुलाकडे न बघता काकांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मुलगा पुन्हा कात्री चालवू लागला.

मला मात्र राहवेना. उठता उठता विचारलंच, “काका, खरं सांगा, त्या डोळ्याने दिसतं तरी किती?”

“तुझं तोंड उघडं आहे एवढं दिसतं, मिट ते आणि खुर्ची सोड.”