उष्ण पडतं

"तोंड उघड."

अंबडचा कारखाना. पॅकिंगच्या टेबलापाशी, सगळ्या बायांसमोर, सुपरवायझर मॅडमनी मोबाइलचा टॉर्च माझ्या तोंडात मारला. दवाखान्यात जायला सुट्टी मागितली होती मी. एवढंच.

"मॅडम, तोंड आलंय."

"ते दिसतंच आहे, हल्ली फार बोलतेस. तंबाखू खाता तुम्ही लोक. पुडी कुठंय?"

बाया हसल्या. तंबाखूला मी जन्मात हात लावलेला नाही. जीभ सोलल्यासारखी झाली होती, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, रडतेय.

मी घाबरले होते. एक फोड भरला की दुसरा यायचा, कित्येक महिने हेच. आमच्या गल्लीतले एक काका तोंडाच्या कॅन्सरने गेले, त्यांचा शेवटचा चेहरा मी पाहिलाय. मोरीत आरसा नेऊन मी गाल ताणून बघायचे. नवऱ्याला सांगायची छाती होत नव्हती. पोरगी अजून शाळेत आहे, तिचं काय होईल, हेच डोक्यात.

खाडा करून सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "अंडी, मासे, मटण खाता?"

"नाही. उष्ण पडतं."

तोंडपाठ उत्तर. घरीही हेच सांगत आले होते. सिन्नरकडच्या माझ्या सासूबाई तर फोड बघून म्हणायच्या, "उष्णताच हाय ती. बरं केलं सोडलंस."

खरं वेगळंच होतं. कामाला लागले तेव्हा एकदा डब्यात बोंबलाची चटणी नेली होती. मॅडमनी नाकाला रुमाल लावला. "तुमच्या वस्तीतला वास इथं नको." मी स्कूटरच्या स्टँडपाशी बसून जेवले. मग हाताला वास राहील या धास्तीने घरीही सगळं सोडलं. वर्षानुवर्षं भाजी-पोळी आणि चहा-बटर.

रक्ताचा रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह तळाला, लोहही कमी. "फोड बहुतेक त्यानेच येतायत. इंजेक्शनं घ्या, अंडी खा. पण एखादा फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर लगेच या," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे भीती पुरती गेली नाहीच. पण संताप आला. मॅडमच्या नाकावरचा तो रुमाल माझ्या रक्तापर्यंत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी डब्यात उकडलेली अंडी नेली. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या जेवतात त्या टेबलावरच उघडली.

"हे काय? बाहेर बस."

पर्समध्ये डॉक्टरांचा कागद होता. दाखवला असता, तर औषध म्हणून चाललंही असतं. मी कंत्राटी, उद्या गेटवरूनच परत पाठवतील. तरी कागद काढला नाही.

"माझं जेवण आहे. इथंच जेवणार."

मॅडम तडक ऑफिसात गेल्या. शेजारची बाई उठून लांब बसली. मीठ फोडांना झोंबत होतं, मी चावत राहिले.

काम राहील की जाईल, अजून ठाऊक नाही. भीती वाटते. पण आजारी आहे म्हणून खाते, असं मी कुणालाही सांगणार नाही. बरी झाले तरी खाणार. सगळ्यांच्या पंगतीत बसून खाणार.