एक जूनची पोरं

साताऱ्याच्या पेन्शनर हवालदारमामांनी मला हात दिला, हे आधी लिहितो. काय घडलं ते त्यानंतर.

मी पलूसकडचा. सातवीत शाळा सुटली आणि पुढं साताऱ्यात कारखान्यात चिकटलो. कारखान्याची फुटबॉलची टीम होती, जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक नसलेली. तिच्यात सहा वर्षं मी हाफ खेळलो. म्हणजे मागून चेंडू घ्यायचा, पुढच्याला द्यायचा, आणि गोल झाला की नाव पुढच्याचं. पलटणीच्या टीममध्ये मामाही हाफच होते. त्यांनीच मला तयार केलं.

आणीबाणी उठली त्या सुमारास माझा गुडघा गेला. मशीनवर उभं राहवेना. मामांनी मॅनेजरसाहेबांना गळ घातली आणि कामगारांच्या पोरांची टीम माझ्याकडं आली. साहेब एवढंच म्हणाले, "सांगलीच्या स्पर्धेत टीम उतरली पाहिजे. नाही उतरली तर तुमच्यासाठी दुसरं काम माझ्याकडं नाही." गावी आईला यातलं काहीच कळवलं नव्हतं.

स्पर्धा सोळा वर्षांखालच्यांची. मी पोरांचे शाळेचे दाखले चारचारदा तपासले, बुटांच्या नाड्यासुद्धा. सांगलीत टेबलामागं पुण्याहून आलेले एक गृहस्थ होते. दाखले चाळून त्यांनी चष्मा काढला.

"चौदा पोरांत नऊ जण एक जूनला जन्मले?"

मला त्यात वावगं काय तेच कळेना. माझीही एक जूनच. आमच्याकडं शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, जन्म कवाचा? आई सांगायची, ऊस तुटत हुता तवाचा. मग मास्तर वर्ष अंदाजानं लिहायचे आणि तारीख एक जून.

"दाखले बनावट आहेत. टीम बाद," गृहस्थ म्हणाले.

मामा आमच्याबरोबर आले होते, मैदानात पोरांना पळवत होते. लंगडत त्यांच्याकडं गेलो. "मामा, आवं, टीम बाद केली. जन्मतारखा सारख्या हायत म्हणून."

"मग? पलटणीत आमच्या साहेबाला वाटायचं, साताऱ्याकडच्या बायका एकाच दिवशी बाळंत होत्यात."

त्यांनी पिशवीतून आपलं पलटणीतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक काढलं आणि टेबलावर ठेवलं. "वाचा, साहेब." जन्मतारीख एक जून. "ह्या तारखेवर सरकारनं मला लढाईला धाडलं. पेन्शनबी हिच्यावरच देतंय. पोरास्नी तासभर चेंडू खेळाय चालंना व्हय? आन् सांगलीच्या टीमचे दाखले काढा की जरा."

गृहस्थांनी काढले. त्यांच्यात सात निघाले.

"बाद करा समद्यांस्नी," मामा म्हणाले. "मग तुमी एका गोलात उभं ऱ्हावा, मी दुसऱ्यात."

गृहस्थ हसले नाहीत, पण शिक्का मारला. आम्ही एका गोलनं हरलो. परतल्यावर मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "उतरली ना टीम?" तेवढ्यावर माझं काम टिकलं.

त्याआधी, सांगलीहून येताना एसटीत मी म्हणालो, "मामा, ह्याची परतफेड कशी करू?"

"कोरेगावकडं माझ्या गावात एकदा पोरं आण रं. गावाला कुस्तीबिगर काय ठावं न्हाई. हाफ म्हंजे मी नेमकं काय करत हुतो, ते घरात अजून कुणाला उमगलेलं न्हाई."

अजून जमलेलं नाही. पण पेरणीआधी तिकडची रानं मोकळी असतात. मामांच्या घरच्यांना कडेला बसवून, एका एक जूनला, मी तिथं टीम उतरवणार आहे.