बिनपडद्याचे डोळे

इस्त्रीवाल्या बाई दुकानाचं शटर अर्धं खाली ओढूनच काम करायच्या. उजेडात डोळे उघडे राहत नसत, म्हणून गल्लीनं त्यांचं नावच ‘मिचमिची’ पाडलं होतं. आत अंधारात हाताच्या अंदाजानं त्या अशा घड्या घालायच्या, की बोट कापावं. पण पन्नाशीला अंधारातही दिसेना. एका पांढऱ्या शर्टाचा धूर निघाला, तेव्हा नवऱ्यानं त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

मोतीबिंदूच असणार, अशी दोघांची खात्री. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं. थांबल्या. पुन्हा पाहिलं.

“मोतीबिंदू आहेच. पण बाहुलीभोवती रंगीत पडदा असतो ना, उजेड वाढला की आवळणारा? तो तुमच्या डोळ्यांत नाहीच. जन्मापासून नाही.”

नवरा वाकून त्यांच्या डोळ्यांत बघतच राहिला.

“मला वाटायचं, हिचे डोळेच काळेभोर,” तो पुटपुटला.

ऑपरेशन करून एका डोळ्यात काळ्या कडेचं भिंग बसवलं; ती कडच आता उजेड अडवणार होती. नजर पूर्ण येणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं.

पट्टी सुटली. बाईंनी सवयीनं डोळा मिटायला घेतला, पण मिटावासाच वाटेना.

“खिडकी लावलीय का हो?”

“सताड उघडी आहे. भरदुपार आहे.”

बाई खिडकीपाशी गेल्या. “म्हणजे तुम्हा सगळ्यांना हे असं दिसतं? रोज?”

चार दिवसांनी त्या आईकडे गेल्या, त्या भांडायलाच.

“डोळे मिटते म्हणून थोबाडीत द्यायचीस. नाटकं नव्हती गं ती!” त्यांनी सगळं सांगून टाकलं. हा दोष बरेचदा आईबापांकडूनच येतो, हेही.

आईची जीभ एरवी कात्रीसारखी. आज ती खाली बघत, हळू बोलली.

“तुझ्या वडिलांचेही डोळे तसलेच होते,” ती म्हणाली. “दिवसभर दार लावून आत बसायचे. कामचोर म्हणायचे मी त्यांना. घुबड म्हणायचे. चारचौघांत.”



दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आईही आली. बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून होती. जावयानं दोनदा चहा आणून दिला, दोन्हीदा तसाच निवला.